कडेची पिल्लं

'मानेकाका आणि मंडळी' या पुस्तकमालेतले डायनोसॉर बोलतात यात नवल काही नाही. मुलांच्या पुस्तकात चमचेसुद्धा बोलतात. नवल हे, की ते घरातल्या माणसांसारखे बोलतात. लांब मानेचे मानेकाका इतके उंच, की खाली भांडण लागल्याची बातमी त्यांच्या कानापर्यंत चढून जाईतो भांडण मिटलेलं असतं, आणि मग ते वरून म्हणतात, "काय झालं? मला मेलं कुणी काही सांगतच नाही." तीन शिंगांची शिंगेमावशी सगळ्यांच्या आधी उठते आणि आपण आधी उठलो हे दिवसभर ऐकवते. शेपटीला गदा असलेले गदाजी वादात हरायला लागले की शेपूट आपटतात. जमीन हादरते, विषय संपतो. आणि टुरटुर म्हणून एक चिमुकलं आहे, ते धावतं जोरात आणि थापा मारतं त्याहून जोरात. तळं आटलं म्हणून ही मंडळी हिरव्या दरीच्या शोधात निघाली, ती सात पुस्तकं झाली तरी चालतायत. पोचली तर मालिका संपेल, हे प्रकाशकांना ठाऊक आहे. मानेकाकांनाही असावं.

लिहिणारी ताई, चित्रं काढणारा तिचा धाकटा भाऊ. प्रकाशकांपासून छापखान्यातल्या माणसापर्यंत सगळे त्यांना ताई आणि भाऊच म्हणत. एकटी ताई त्याला छोट्या म्हणे, आणि छोट्याचे कानशिलावरचे केस पांढरे होऊन बरेच दिवस झाले होते.

दोघांची कामाची तऱ्हा उफराटी होती. जगात लिहिणारा आधी लिहितो आणि चित्रकार त्याबरहुकूम काढतो. इथे भाऊ आधी चित्रं काढी, पुस्तकभर, गोष्टीचा पत्ता नसताना. ती पुठ्ठ्यात बांधून ताईच्या घरी ठेवून येई. ताई ती पलंगावर पसरी, भोवती फेऱ्या घाली, हे चित्र आधी, ते नंतर, असं करता करता कुणीतरी तोंड उघडे आणि गोष्ट सुरू होई. यात नियम एकच: काढणाऱ्यानं सांगायचं नाही, लिहिणारीनं विचारायचं नाही. प्रकाशक, ज्यांना सगळे मालक म्हणत, ते सुरुवातीला म्हणाले होते, "अहो, एकमेकांना फोन करायला काय होतं?" ताई म्हणाली, "फोन केला असता तर तुमच्याकडे आलो नसतो, मालक. सरकारी पत्रकं लिहिली असती."

आणखी एक काम ताईकडे होतं, त्याची पुस्तकावर कुठे नोंद नसे. भाऊ आधी उभा राहून, भिंतीला टेकवलेल्या फळीवर कागद लावून, हात लांब करून पेन्सिलीनं सगळं पान मांडायचा. मग तो कागद टेबलावर घ्यायचा आणि नाक टेकेल इतका वाकून शाईनं, रंगानं पक्का करायचा. मागे उरलेल्या पेन्सिलीच्या रेषा खोडायच्या ताईनं. भाऊला खोडरबर हातात धरवत नसे. आपण काढलेलं आपणच पुसायचं म्हणजे आपल्याच कानफटात मारल्यासारखं वाटतं, म्हणायचा. ताईला उलट ते आवडायचं. हलक्या हातानं पुसायचं, रबराचा चुरा तळहातावर गोळा करून खिडकीबाहेर फुंकायचा. पुसता पुसता मला गोष्ट सुचते, असं ती मुलाखतीत सांगे. मुलाखतीत सांगितलेल्या गोष्टींपैकी एवढी एक खरी होती.

हे सगळं लहानपणापासूनचं. भाऊ बोलायला फार उशिरा लागला. बाकीची मुलं खोटं बोलायला शिकली तरी हा खडूनं फरशीवर रेघा ओढत बसलेला. ताई त्या रेघांकडे बघे आणि घराला जाहीर करी, "ह्याला पाणी हवंय." "ह्याला आत्याचा राग आलाय." "ह्याला बाहेर फिरायला जायचंय." बाहेर जायची इच्छा पुष्कळदा ताईची स्वतःची असे, पण मोठी माणसं काय, पायात चपला घालून तयार. भाऊनं कधी तक्रार केली नाही. बाहेर त्यालाही आवडायचं. पुढे तो बोलू लागला, चांगला बोलू लागला, पण घराची सवय गेली नाही. त्याला काय हवंय हे त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे. ताई आहे की.

पाचव्या पुस्तकाची चित्रं आली तेव्हा ताई पलंगापाशी जरा जास्त वेळ उभी राहिली. भाऊला जन्मात कधी कोरा कोपरा सहन झाला नव्हता. कुठे मोकळी जागा दिसली की तिथे किडा तरी बसवायचाच. आणि या चित्रांत मधोमध सगळं ठासून भरलेलं, मावशीच्या कातडीवरची सुरकुती न् सुरकुती, आणि कडेला जावं तसं विरळ, विरळ, मग नुसता पांढरा कागद. त्यावर इथे तिथे पेन्सिलीचे काही अर्धवट गोल. ताईनं नेहमीप्रमाणे ते पुसले, चुरा फुंकला, आणि मनाशी म्हणाली, छोट्यानं काहीतरी नवीन धरलंय. विचारायचं तर नाहीच. तिनं पुन्हा पाहिलं. चारी बाजूंनी पांढरं, मध्ये घाबरलेली मंडळी. तिनं लिहिलं: धुकं.

ते पुस्तक असं काही गाजलं की बास. धुक्यात सगळी एकमेकांची शेपटी तोंडात धरून चालतात. मानेकाकांचं डोकं धुक्याच्या वर, त्यांना वरचं ऊन दिसतं पण स्वतःचे पाय दिसत नाहीत. टुरटुर म्हणतो, मी दरी पाहून आलो, आणि पहिल्यांदाच कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही, कारण सगळ्यांना ते खरं असायला हवं असतं. शिंगेमावशी म्हणते, "पुढचं दिसत नाही म्हणून रडताय कशाला? दिसत होतं तेव्हा काय मोठे दिवे लावले होतेत?" पोरांनी ही वाक्यं पाठ केली. मालक, जे तोवर ही पुस्तकं उपकार केल्याच्या चेहऱ्यानं छापत, ते आपणहून ताईचा जिना चढून आले. "ताई, धुकं चाललं! धुकं वाढवा!" पांढऱ्या जागेला शाई लागत नाही हेही त्यांनी मनात धरलं असणारच, तो माणूस श्वाससुद्धा बेतानं सोडायचा.

भाऊनं पुस्तक वाचलं आणि त्याला वाटलं, ताईला धुकं सुचलं, छानच सुचलं. सहाव्या पुस्तकात चित्रं आणखी आत सरकली. ताईला वाटलं, छोट्या धुकं पुढे रेटतोय, बघू कुठवर नेतो. सातव्यात मंडळी पानाच्या मधोमध ताटलीएवढ्या उजेडात उभी. ताईनं लिहिलं आणि वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तिला वाटे धुकं त्याचं, त्याला वाटे तिचं. दोघं गुणी भावंडं, श्रेय एकमेकांच्या पदरात घालत होती, आणि त्या भलेपणात तीन वर्षं निघून गेली.

भाऊच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, या साहित्याशी काही देणंघेणं नव्हतं. शिंगेमावशी कुणावरून काढली आहे हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. "ताई, तुमची ती मावशी सातव्या पुस्तकात जे म्हणते ना, ते मी मागच्या उन्हाळ्यात म्हटलं होतं. ह्याच खुर्चीत. तुम्ही समोर बसून मान हलवत होतात." पण परकं कुणी मावशीला कजाग म्हणालं की हीच तुटून पडायची: "कजाग काय? तिच्यावाचून ते म्हातारे चार पावलं गेले असते का?"

वहिनीची तक्रार वेगळी होती. नवरा धांदरट होत चालला होता. जेवताना बाजूला ठेवलेला पेला हमखास लवंडायचा. कपाटाचं उघडं दार कपाळावर घ्यायचा. रस्त्यात शेजारीण अंगावरून गेली तरी ओळख द्यायचा नाही. शेजारीण सगळ्यांना सांगत सुटली, पुस्तकं खपायला लागल्यापासून मान ताठ झालीय. "कलावंत म्हणून केला," वहिनी म्हणायची, "आता कलेचं कळत नाही, पण फरशी मी दिवसातून तीनदा पुसते." भाऊ हसायचा. हसण्यावर नेण्याची त्याची हातोटी मोठी होती. तेवढ्याकरता त्याला ताईची गरज लागत नसे.

मग एका दुपारी मालकांच्या कार्यालयात, शेवटची पायरी संपली असं समजून त्यानं पाऊल टाकलं आणि पायरी अजून शिल्लक होती. तो सातव्या पुस्तकाच्या गठ्ठ्यांवर आडवा झाला. सगळे हसले, तोही हसला. "बघा, मानेकाकांनीच झेललं," म्हणाला. वहिनी तिथे नव्हती. घरी आल्यावर तिनं गुडघा पाहिला, पँटचा फाटका भाग पाहिला, आणि हसली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, नवा चष्मा करायला. ताईही गेली. दवाखान्यात याच्या वतीनं बोलायला कुणी नको का?

डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रापुढे बसवलं. पांढऱ्या खोलगट वाटीसमोर हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, आणि आत कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बाकावर ताई आणि वहिनी त्या बटणाचा आवाज ऐकत बसल्या. पडद्याआडून तो यायचा, पण फार थांबून थांबून, मध्येच किती वेळ नाहीच.

"झोपले की काय?" वहिनी म्हणाली. ताईला हसू आलं नाही.

आत बोलावल्यावर बाई म्हणाल्या, "हे चष्म्याचं काम नाही. डोळ्यातला दाब वाढलाय. त्यानं मागची नस सुकत जाते आणि नजर कडेकडेनं जाते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला कळतच नाही."

"काळं दिसतं का कडेला?" वहिनीनं विचारलं.

"नाही ना. काळं दिसलं असतं तर लगेच आले असते. मेंदू मोठा लबाड असतो. जिथलं दिसत नाही तिथे तो आपल्या मनचं भरून टाकतो. यांना सगळं भरलेलंच दिसत असणार."

"परत येईल?"

"गेलेलं येत नाही. राहिलेलं टिकवायचं. थेंब सुरू करू, शस्त्रक्रिया करू. पण स्पष्टच सांगते, उशीर झालाय. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा काहीच जाणवलं नाही?"

"ह्याला तसा कधीच काही त्रास—" ताई म्हणाली.

"मी त्यांना विचारतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाऊनं जरा विचार केला. "नाही बुवा. काही नाही."

"चित्रं काढता ना तुम्ही? चित्रांत काही फरक? कुणी काही म्हणालं?"

"गोष्टीत धुकं आलं," भाऊ हसून म्हणाला. "पण ते हिनं लिहिलं म्हणून. बघ ताई, तू लिहिलंस आणि मला बाधलं."

वहिनी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आणखी लिहा." बोलायची संधी असताना ताई बोलली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

घरी येऊन तिनं पाचवं पुस्तक काढलं, दार लावून घेतलं आणि पानं उलटली. बाईंनी तोंडानं सांगितलेलं सगळं तिथे रंगीत छापून ठेवलं होतं. तेही वर्षावर्षानं, वाढत्या प्रमाणात. भाऊचे डोळे जात होते, आणि ते तिच्या पलंगावर, तिच्यासमोर पसरून जात होते, आणि तिनं त्यांच्याभोवती फेऱ्या घालून त्यातून टाळ्यांची वाक्यं काढली होती. आता भाऊला हे सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर त्याच्या लेखी तो निव्वळ योगायोग राहील, हसण्यावारी नेण्याजोगा. सांगितलं तर उरलेल्या नजरेबरोबर आणखी काहीतरी जाईल, आणि ते कुठल्या थेंबांनी टिकायचं नाही. शब्दांना कधी महाग नसलेली बाई, पण पुढचे कितीतरी दिवस ती भावाच्या घरी जायची, चहा प्यायची, आणि थेंब कधी घालायचे एवढंच बोलून परत यायची.

मग मालक आले. शस्त्रक्रियेची तारीख ठरत होती, आणि मालकांना आठवं पुस्तक हवं होतं. शेवटचं. "आता धुकं हटवा, ताई. पोरं मला जिथे तिथे अडवून विचारतात. दरी दाखवा, हिरवीगार, दोन पानं भरून. भाऊ, डोळे आहेत तोवर—"

वहिनीच्या हातातली बशी जरा जोरात टेबलावर आली.

"म्हणजे, तब्येत आहे तोवर," मालक म्हणाले.

ते गेल्यावर भाऊ ताईला आपल्या कामाच्या खोलीत घेऊन गेला. खोली लहान, एका भिंतीला फळी, खिडकीखाली टेबल, टेबलावर शाईचे डाग इतके जुने की लाकडाचेच वाटावेत. त्यानं दार लोटलं आणि खुर्ची चाचपून बसला.

"नियम मोडतोय," तो म्हणाला. "पण आता वेळ नाही. तू सांग मी काय काढू. धुकं तुझं आहे, तुझं तूच हटव. कुठून हटायला लागतं? वरून की खालून?"

ताई उभीच होती. "छोट्या, धुकं माझं नाही."

"म्हणजे?"

"पाचव्या पुस्तकाची चित्रं तू दिलीस तेव्हाच कडा कोऱ्या होत्या. मी पाहिल्या. मला वाटलं तुझ्या मनात काही असेल. म्हणून मी धुकं म्हटलं. तू दिलंस ते मी लिहिलं."

"कोऱ्या नव्हत्या."

"होत्या रे."

"नव्हत्या, ताई. कडेनं पिल्लं होती."

"कुठली पिल्लं?"

आणि भाऊ बोलायला लागला. इतका सलग तो कधी बोलला नव्हता, निदान ताईसमोर नाही. "तळ्याकाठी अंडी राहिली होती ना, पहिल्या पुस्तकात? मंडळी घाईनं निघाली, अंडी तिथेच. ती फुटली. पिल्लं मागून येतायत. त्यांना कुणी बोलावलेलं नाही, म्हणून लपत लपत, पानाच्या कडेकडेनं. मानेकाकांना वाटतं आपण मंडळींना घेऊन चाललोय, पण वास काढत दरी शोधतायत ती पिल्लं. प्रत्येक चित्रात थोडी जवळ आणत होतो. एक लंगडं आहे त्यात. एकाला अजून अंड्याचं टरफल डोक्यावर आहे, ते काढून टाकायला तयार नाही." तो हसला. "मी वाट बघत होतो, तू त्यांना बोलायला कधी लावतेस. पाचव्यात नाही लावलंस. म्हटलं सहाव्यात लावशील. मग म्हटलं, जाऊ दे, ताईला आवडली नसतील."

"मग विचारायचं नाही का मला?"

"सांगायचं नाही असं होतं ना."

ताई फळीपाशी गेली, टेबलापाशी आली. फळीपाशी उभं राहून, हात लांब करून, त्याला सगळं पान दिसत होतं. म्हणून पेन्सिल कडेपर्यंत गेली. टेबलावर नाक टेकवून बसलं की दिसायचं ते मधलं वर्तुळ. नजर थांबली तिथे कुंचला थांबला, आणि पुढचं त्याच्या मनानं रंगवून टाकलं, छापून आलेल्या पानावरसुद्धा. मग कडेला पेन्सिलीत जे राहिलं ते...

"गोल होते," ती म्हणाली. "पेन्सिलीचे. मला वाटलं दगड मांडून बघितले असशील आणि नको म्हणून सोडले असशील. मी ते—" तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलली, हलक्या हातानं पुसल्यासारखी, आणि तिनं ती दुसऱ्या हातात धरली.

"सगळी?" भाऊनं विचारलं.

"सगळी."

"तिन्ही पुस्तकांतली?"

"हो."

त्यानं भांड्यातला कुंचला घेतला आणि धुवायला लागला. कुंचला स्वच्छ होता. तरी बराच वेळ धूत राहिला, पाणी निवळशंखच राहिलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं ओरडावं, काहीतरी फेकावं, असं तिला वाटत होतं. ते झेलायची तिची तयारी होती. भाऊनं कुंचला फडक्याला पुसला.

"हिला सांगू नकोस," तो म्हणाला. "ती तुला दारात उभी करणार नाही. आणि मला पुस्तक पुरं करायचंय."

ताई माणसं ओळखून होती. ही माफी नव्हती, मुदत होती. पुस्तक संपेपर्यंतची. तिनं ती घेतली.

"मी काय करू?"

"पुसू नकोस."

शस्त्रक्रिया एका डोळ्याची झाली. राहिलेलं राहिलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरून त्यात त्यांना समाधान असावं. दुसरा डोळा नंतर. मधल्या दिवसांत भाऊ पुन्हा फळीपाशी उभा राहिला. ताई रोज येऊन टेबलाजवळच्या स्टुलावर बसू लागली, रिकाम्या हातानं. वहिनीला हे चमत्कारिक वाटलं. "वर्षानुवर्षं पुठ्ठा बांधून पाठवत होतात एकमेकांना, कोर्टकचेरी असल्यासारखा, आणि आता काय रोजचा मुक्काम? जेवायलाही थांबता ते थांबता, वर मीठ कमी आहे म्हणता."

"मी नाही म्हणाले. हा म्हणाला."

"त्यांना पानातलं मीठ दिसतं, पेला दिसत नाही," वहिनी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून उभी राहिली. नळाखाली भांडं नव्हतं.

भाऊ काढायचा. आधीपेक्षा मागे सरून, भिंतीला पाठ लागेल इतका मागे, मग पुढे येऊन एक रेघ, पुन्हा मागे. मानेकाका आले, त्यांची मान पूर्वीसारखीच ऐटीत. मावशी आली. गदाजींची शेपूट आली, पण तिच्या टोकाची गदा हवेत जरा बाजूला निघाली. त्याला ते कळलं नाही, आणि ताईनं सांगायला तोंड उघडून मिटलं. पानाचा मधला भाग भरत गेला. मग त्याचा हात डावीकडे गेला, कडेकडे, आणि तिथे बराच वेळ हलत राहिला. पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. चेहऱ्यावर असा भाव, की ताईनं त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं.

"हं," तो शेवटी म्हणाला आणि मागे सरला. "झाली. दिसतायत ना आता?"

ताई उठून फळीजवळ गेली. कागदाची कड तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली. काही रेघा कागदाबाहेर लाकडावर गेल्या होत्या. काही एकमेकींवर इतक्या वेळा पडल्या होत्या की तिथे नुसता करडा गुंता झाला होता. त्या गुंत्याच्या जरा आत, मंडळींच्या उजेडाला चिकटून, एक पिल्लू होतं. डोकं, त्यावर टरफल, एक डोळा. खाली मान सुरू झाली होती आणि तिथेच थांबली होती; पुढे कागद.

सगळी आहेत, असं म्हणणं सोपं होतं. त्याला ते कधीही ताडून बघता आलं नसतं. तो खूष झाला असता, पुस्तक झालं असतं, आणि असं सांगण्यात ताईचा हात धरणारं त्या घरात कधी कुणी नव्हतं. तिला ते वाक्य तोंडात तयार जाणवलंसुद्धा.

"एकच आहे, छोट्या," ती म्हणाली. "आणि तेही अर्धंच."

भाऊ पुढे आला, फळीपाशी, नाक लावून इकडून तिकडे शोधू लागला, वर, खाली, आणि पिल्लाच्या अगदी शेजारून जाऊनही त्याला ते सापडलं नाही. ताईनं त्याचा हात धरून तिथे नेला नाही. त्यानं तसं म्हटलं नव्हतं.

"कुठलं अर्धं?" त्यानं विचारलं.

"डोकं."

"तोंड आहे?"

"आहे. उघडं आहे."

तो मागे झाला आणि चाचपत खुर्चीवर बसला. डोळ्यातून पाणी येत होतं. शस्त्रक्रियेपासून ते तसंही यायचंच, त्यामुळे कशाचं ते सांगणं कठीण.

"मग बोलेल ते," तो म्हणाला. "घे, लिही."

ताईनं कोरा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं. काय बोलेल ते, तिला काहीच सुचत नव्हतं, आणि सुचवायचंही नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. भाऊ फळीकडे बघत होता, जरा चुकीच्या बाजूला. बाहेरून वहिनीनं विचारलं, चहा टाकू का, आत कुणी आहे की नाही?